सीध्या हाताला

गौतमला आयुष्यात एकच काम मन लावून करता आलं, आणि ते म्हणजे खोटी गावं बांधणं. सोळा वर्षं तो कॉम्प्युटरवरच्या खेळासाठी वेशी, बाजार, विहिरी, बोळ आणि पायऱ्या रचत होता. 'बारा वेशी' हे त्या खेळाचं नाव. त्याचे तीन भाग येऊन गेले होते आणि चौथा दिवाळीला यायचा होता. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता, सात माणसांसमोर, भिंतीएवढ्या पडद्यावर, त्या चौथ्या भागातल्या जगातून गौतमला वेशीपासून राजवाड्यापर्यंत चालून दाखवायचं होतं. अडचण एवढीच होती की गौतमला दिसत नव्हतं.

म्हणजे अगदी काळोख होता असं नाही. कोठी भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वी एका कागदावर वाटोळं काढलं आणि ते बाहेरून आत पेन्सिलीनं काळं करत आणलं. मधे रुपयाएवढी जागा कोरी ठेवली. "एवढं राहील," डॉक्टर म्हणाला. "किती दिवस?" गौतमनं विचारलं. "बघू," डॉक्टर म्हणाला. डॉक्टर लोक बघू म्हणतात तेव्हा त्यांचं बघून झालेलं असतं, हे न कळण्याइतका गौतम भोळा नव्हता. त्या दिवशी तो कोठीहून अंबरपेठेपर्यंत चालत आला आणि वाटेत तीन माणसांना धडकला. तिघांनीही त्यालाच शिव्या दिल्या.

घरी त्यानं फक्त बायकोला सांगितलं. प्रियदर्शिनी शाळेत गणित शिकवायची. रडून घ्यायचं ते तिनं एका दुपारी रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या वस्तू जागच्या जागी ठेवायला लागली. आईला, म्हणजे मालनबाईंना, सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही. आणि ऑफिसात तर काही सांगायची सोयच नव्हती. दिलीप नावाचा एक चित्रकार पहिल्या भागापासून गौतमच्या बरोबर होता. त्याचं मनगट गेलं, त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, तर सगळ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याला पत्रांची उत्तरं द्यायला बसवलं आणि सहा महिन्यांत निरोपाचा केकही कापला. तो केक गौतमनं खाल्ला होता. तेव्हापासून त्यानं ठरवलं होतं की आपल्याला केक नको.

आता हे 'बारा वेशी' प्रकरण जरा सांगायला हवं, नाहीतर गौतम कशासाठी एवढा जीव टाकत होता ते कळायचं नाही.

पहिला भाग तीन जणांनी बनवला, कोठीत, चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत. त्यांची मशीनं इतकी गरीब होती की पडद्यावर वीस पावलांपलीकडचं काही काढताच यायचं नाही. मग त्यांनी वीस पावलांनंतर धुकं सोडलं. लोक म्हणाले, वा, काय गूढ धुकं आहे! गूढ कसलं डोंबलाचं, मशीनची ऐपत नव्हती. आता धुक्यात खेळणाऱ्यानं वाट शोधायची कशी? तर गौतमनं गावात माणसं उभी केली. राजवाडा कुठं, विहीर कुठं, सावकाराचा वाडा कुठं, जे पाहिजे ते माणसाला विचारायचं. माणूस सांगणार, "चिंचेपाशी वळ, मग पखालवाला दिसंल, त्याला विचार." या माणसांचे आवाज त्यानं मलकपेठच्या बाजारातून गोळा केले, कोठीच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून घेतले, आणि विहिरीवरच्या बाईचा आवाज दिला मालनबाईंनी. कुणी दखनी उर्दू बोललं, कुणी तेलुगू ढंगानं बोललं, कुणी इथली मराठी बोललं. रायवेस नावाचं ते गाव मुठीएवढं होतं, पण ज्यांनी तो खेळ खेळला त्यांना आजही त्या गावात डोळे मिटून फिरता येईल.

दुसऱ्या भागात पैसा आला, धुकं गेलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा आला. लोक माणसांना विचारायचे बंद झाले आणि कोपऱ्यात बघत चालायला लागले. तिसऱ्या भागात घोडा आला, जग बारा पट वाढलं, आणि नकाशाही वाचायला नको म्हणून सोनेरी बाण आला. बाण वळेल तिकडं वळायचं, बस. माणसं होती, पण बोलायची नाहीत. चौथ्या भागात तर जगाला शेवटच नव्हता. खेळ सुरू केला की गौतमनं बांधलेले तुकडे मशीन दर वेळी नव्यानं जुळवायचं: नवी वाट, नवे डोंगर, नवे बाजार. रस्त्यांवर हजारो माणसं, एकेकाच्या पागोट्याची घडी मोजून घ्यावी अशी सुंदर, आणि सगळी मुकी.

बरं, यात बोटं मोडणार तरी कुणाच्या नावानं? नकाशा गौतमनंच आणला होता. बाणही त्याचाच. बाण पहिल्यांदा दाखवला तेव्हा साठ लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या आणि गौतमची छाती फुगली होती. आता तोच बाण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात चमकायचा, आणि गौतमच्या रुपयात तो मावायचा नाही. बाण बघायला मान वर करावी तर पायाखालचं जायचं, खाली बघावं तर बाण जायचा. आपल्याच हातानं बांधलेल्या घरातून त्यानं स्वतःला बाहेर काढलं होतं, एकेक दार लावत, सोळा वर्षं.

एरवी तो काम निभावून न्यायचा. खुर्ची मागं ओढून लांबून बघायचा, पडद्याचा एकेक तुकडा तपासायचा, दुप्पट वेळ बसायचा. चोरी लपवायची असली की माणूस फार कष्टाळू होतो. पण कंपनीत पहिल्यापासून एक रिवाज होता, आणि तो गौतमनंच पाडला होता: ज्यानं गाव बांधलं त्यानं त्यातून आधी चालायचं. गुरुवारी मंदारनं येऊन सांगितलं, मुंबईहून नव्या मालक कंपनीच्या प्राजक्ता मॅडम येताहेत आणि सोमवारी त्यांच्यासमोर चालायचंय. मंदार पुण्याचा, एकतिसाचा, चौथ्या भागाचा प्रमुख. वयानं लहान असून साहेब, तरी गौतमला 'सर' म्हणायचा. मनानं चांगला होता. त्यामुळे गौतमला त्याच्यावर रागावताही यायचं नाही.

शुक्रवारी गौतमनं नऊ वेळा चालून पाहिलं. नऊ वेळा मेला. दोनदा नदीत, चारदा दरीत, एकदा बाजारात बैलगाडीखाली, आणि दोनदा कशानं ते कळलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास शोधत ओट्यावरून हात फिरवत होता. मालनबाई खाली बसून शेंगा सोलत होत्या.

"काय हुडकायलास रे गौतमा?"

"ग्लास."

"उलट्या हाताला हाय की. डब्याच्या पाठीमागं."

उलट्या हाताला म्हणजे डावीकडं. अंबरपेठेतला मराठी माणूस दखनी शेजारात राहून असंच बोलतो. गौतमचा हात डावीकडं गेला, डब्यामागं गेला आणि ग्लासावर टेकला. त्यानं डोळे हलवलेसुद्धा नव्हते. ग्लास हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. मालनबाईंना वाटलं, पाणी प्यायचं विसरला.

त्याच दुपारी तो मंदारकडे गेला. पहिल्या भागातल्या माणसांचे आवाज अजून जपून ठेवलेले होते, एकेचाळीस. ते चौथ्या भागात घालायचे. वाट दर वेळी नवी असली तरी तिठा आला की वळण कुठलं आहे हे मशीनला ठाऊक असतं. तेव्हा आवाजांचे तीन गठ्ठे करायचे: उजवीकडं पाठवणारे, डावीकडं पाठवणारे आणि सरळ पाठवणारे. जसं वळण, तसा त्या गठ्ठ्यातला माणूस तिठ्यावर उभा करायचा.

"सोमवारपर्यंत होईल?" गौतमनं विचारलं.

"होईल की. पण सर, बाण आहे ना. मग हे कशाला?"

तेव्हा सांगता आलं असतं. मंदार एकटाच होता, वेळ दुपारची होती, बाहेर कुणी नव्हतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय एकदा लागली की सुटत नाही. गौतम म्हणाला, "जुने खेळणारे खूश होतील. आठवण म्हणून."

"भारी! नॉस्टॅल्जिया! करतो मी, सर. स्वतः ऐकून गठ्ठे लावतो, दुसऱ्या कुणाला देत नाही."

गौतमला गठ्ठे स्वतः लावायचे होते. पण आवाजांची जुनी यादी बारीक अक्षरातली होती, तिचे साठेक रकाने होते, आणि तो वाचायला बसला असता तर मंदारला दिसलं असतं की एक ओळ वाचायला त्याला किती मान फिरवावी लागते. "बरं," तो म्हणाला.

रविवारी प्रियदर्शिनीनं पुन्हा विषय काढला. "सांगून टाका ना एकदाचं. झाकली मूठ किती दिवस झाकून ठेवणार?"

"उघडली तर आत काय आहे, प्रिया?"

"तुम्ही आहात."

"मला दुसरं काय येतं? सेहेचाळिसाव्या वर्षी मला कोण घेणार? आंधळा माणूस गावं बांधतो म्हणून सांगू?" त्याचा आवाज चढला. शेजारच्या खोलीत मालनबाईंचा टीव्ही चालू होता म्हणून बरं. "एकदा चालून दाखवलं ना, की हे आवाज खेळात राहतील. आवाज राहिले की मीही राहीन. मला चालता येईल तेवढं जग मला बांधता येईल. एवढी एकच फट आहे, प्रिया. ती बुजली तर संपलं."

तिनं त्याचा सोमवारचा शर्ट बाहेर काढून ठेवला.

सोमवारी तिनंच त्याला ऑटोत बसवलं. अर्ध्या वाटेत मंदारचा फोन आला.

"झालं सर! सगळे गठ्ठे लागले. रात्रभर तुमचं रायवेस ऐकत होतो, काय माणसं आहेत! पण एक गंमत सांगू? सरळची चिक्कार निघाली आणि उजवीकडची फक्त चार. तुमच्या गावात उजवीकडे कुणी वळायचंच नाही का?"

ऑटो एका खड्ड्यातून गेला. गौतमच्या डोक्यात तेव्हा एकच हिशोब चालू होता, की ऑफिसच्या दारातून बैठकीच्या खोलीपर्यंत किती पावलं. तो हसला आणि म्हणाला, "जुनं गाव होतं रे." मग फोन ठेवून त्यानं पावलं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.

अकरा वाजता तो पडद्यासमोर बसला. खोलीत सात माणसं होती, मंदार धरून. प्राजक्ता मॅडम त्याच्या मागं कुठंतरी बसल्या होत्या. त्यांचा आवाज मऊ होता. खेळ सुरू झाला. नवी वाट, नवं ऊन, कुणी पूर्वी न पाहिलेला बाजार. गौतमला त्यातला एक तुकडा दिसत होता: एका घोड्याचा कान.

तो चालू लागला. पहिला तिठा आला तसा मलकपेठचा फळवाला बोलला, "उल्टे हात कू मुड़ो मियाँ, इमली का झाड़ आएगा." गौतम डावीकडं वळला. वाट मोकळी होती. दुसऱ्या तिठ्यावर कोठीचा पुस्तकवाला म्हणाला, "नाक की सीध में चलो." गौतम नाकासमोर चालत राहिला. तिसऱ्यावर दत्तोबा बोलले. हे त्याच्या वडिलांचे मित्र, जाऊन पाच वर्षं झाली होती. "उजव्या अंगाला वळा," दत्तोबा म्हणाले, "आणि जरा दमानं घ्या." खोलीत कुणीतरी हसलं. चांगलं हसलं.

"छान आहे हे," प्राजक्ता मॅडम म्हणाल्या.

आणि गौतमला, काय सांगावं, दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. कान पुढं, पाय मागं, तो आपल्या गावातल्या पाटलासारखा चालत होता. चार मिनिटं झाली होती, फार तर अजून सात. चौथा तिठा आला आणि विहिरीवरची बाई बोलली.

"सीध्या हाताला जा रे लेकरा, पूल लागंल."

आईचा आवाज. गौतम उजवीकडं वळला आणि दरीत पडला.

मेल्यावर खेळ त्याच तिठ्यावर परत आणून सोडायचा. त्यानं आणलं. बाई पुन्हा म्हणाली, "सीध्या हाताला जा रे लेकरा, पूल लागंल." गौतमला वाटलं, आपण घाईनं वळलो. तो सावकाश उजवीकडं वळला आणि सावकाश दरीत पडला.

तिसऱ्यांदा त्यानं आधी नीट पाहायचं ठरवलं. मान हलू न देता डोळे फिरवले. त्याच्या रुपयात करडा दगड येत होता. तो दगड पुलाचा की डोंगराचा, हे कळायला सगळा पूल दिसावा लागतो. बाई तिसऱ्यांदा तेच म्हणाली. आईनं आयुष्यात त्याला चुकीची वाट सांगितली नव्हती. तो उजवीकडं गेला.

"सर," मंदार हळू म्हणाला, "समोर. पूल समोर आहे."

"कुठाय पूल?"

तोंडातून निघून गेलं ते. पूल भिंतीएवढ्या पडद्याच्या मधोमध होता, उन्हात न्हालेला, दोन्ही बाजूंना दगडी हत्ती असलेला, सात माणसांना दिसत असलेला. गौतमनंच तो बांधला होता. खोलीतल्या सगळ्यांनी पडद्याकडे बघायचं सोडलं आणि त्याच्याकडे बघितलं. हे त्याला दिसलं नाही, पण कळलं. पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला होता.

मंदारनं "पाच मिनिटांचा ब्रेक" असं काहीतरी पुटपुटत त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. व्हरांड्यात दोघंच होते.

"कधीपासून, सर?"

"दोन वर्षं." मग गौतमला राहवलं नाही. "तू तो आवाज सरळच्या गठ्ठ्यात का टाकलास?"

"कुठला?"

"सीध्या हाताला. आईचा."

"सीधा म्हणजे सरळ ना?" मंदार गोंधळला होता. "'उलटा हात' मला कळेना, तो मी चहावाल्या काकांना विचारला. त्यांनी डावा सांगितला. सीधा तर... सीधा मला येतच होतं."

"सीधा हात म्हणजे उजवा रे! ज्या हातानं जेवतोस तो. इथं सगळे तसंच म्हणतात. मुसलमान म्हणतात, तेलुगू म्हणतात, आम्ही म्हणतो."

मंदार भिंतीला टेकला. तीन वर्षं तो या शहरात होता आणि तीन वर्षं ऑटोवाल्यांशी वाटेवरून भांडत होता. ते का, हे त्याला त्या व्हरांड्यात कळलं. जे कळत नव्हतं ते त्यानं विचारलं होतं. जे कळतंय असं वाटलं ते विचारलं नव्हतं. माझ्या मते यात त्याला फाशी द्यावी असं काही नाही. गौतमनं तरी काय वेगळं केलं होतं? 'उजवीकडची फक्त चार' हे ऐकून तो हसलाच होता ना!

"मला परत बसू दे," गौतम म्हणाला. "आता चूक कुठं आहे ते कळलं. सीधा आला की मी सरळ जाईन. बस, एवढंच लक्षात ठेवायचंय. सात मिनिटं दे मला."

"सर, त्यांची दोनची फ्लाइट आहे."

"पाच दे."

"सर..."

"मंदार, मला यातून काढू नको रे." गौतमनं त्याचा हात धरला होता, धरायला गेला तो खांदा, हाताला लागलं मनगट. "तुझ्या पाया पडतो. मला दुसरं काही येत नाही. ते आवाज राहू देत, मी त्यांच्यावर सगळं बांधीन, फुकट बसून बांधीन. तुला चौथा, पाचवा, पाहिजे तितके भाग बांधून देतो. पण मी चाललो नाही तर उद्या ते म्हणतील, बिचारा. एकदा बिचारा म्हटलं की पुढं काही उरत नाही."

मंदारच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते गौतमला दिसायचं कारण नव्हतं. "मी चालतो आता," मंदार शेवटी म्हणाला. "डेमो तरी वाचवू. तुमचंच काम वाचेल, सर. बाकीचं आपण शांतपणे बोलू."

आत जाऊन मंदार पडद्यासमोर बसला. गौतमला कुणीतरी मागची खुर्ची दिली. मंदारनं घोडा घेतला आणि बाणाच्या मागं सोडला. तरुण हात, धडधाकट डोळे. वाट कशी सळसळत मागं पडत होती ते गौतमला टापांवरून कळत होतं. प्रत्येक तिठ्यावर माणूस बोलायला तोंड उघडायचा आणि घोडा तोवर पुढं गेलेला असायचा. "उल्टे हात कू मु..." "नाक की सी..." "उजव्या अंगा..." टापा. मग ते आलं. "सीध्या हाताला जा रे ले..." आणि पुलावरच्या फरसबंदीचा आवाज.

साडेतीन मिनिटांत मंदार राजवाड्यात होता. टाळ्या झाल्या.

"अप्रतिम जग आहे," प्राजक्ता मॅडम म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. "किती मोकळं! फक्त एक, ती माणसं मधेमधे बोलतात ना, ती काढा. अडखळल्यासारखं होतं." मग त्यांचा आवाज गौतमकडे वळला आणि आणखी मऊ झाला. "गौतमसर, तुम्ही खूप केलंत या सीरिजसाठी. आता तुम्ही जरा आराम करा. आम्ही बघू काय करता येईल ते."

कुणी काही वाईट बोललं नाही. वाईट बोललं असतं तर भांडता आलं असतं. या लोकांसमोर आपण रडणार अशी गौतमला भीती वाटली. रडायच्या आत बाहेर पडायला हवं होतं. तो उठला. दारापासून त्याची खुर्ची अकरा पावलं, हे त्यानं सकाळी मोजलं होतं. पण ती पुढची खुर्ची, आणि ही मागची. शिवाय पाहुण्यांसाठी टेबल फिरवलेलं होतं. त्यानं एक पाऊल टाकलं तर गुडघ्याला काहीतरी लागलं. दुसऱ्या बाजूला हात केला तर कुणाचीतरी बॅग खाली पडली. अकरा वर्षं तो या खोलीत येत होता. त्यानं मान फिरवली. रुपयात एक खिडकी आली, मग भिंत, मग भिंत, मग कुणाचंतरी कोपर, मग पुन्हा भिंत.

दोन वर्षांत त्यानं हा प्रश्न बाहेरच्या कुणालाही विचारला नव्हता. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं, म्हणून तो विचारता आला.

"दार कुठल्या बाजूला आहे?"

कपड्यांची सळसळ झाली. एक खुर्ची कुरकुरली. मग काहीच नाही. गौतम वाट बघत उभा राहिला. त्याला वाटलं, आपला आवाज फुटला नसेल, कुणाला ऐकूच गेलं नसेल. म्हणून त्यानं घसा साफ केला आणि तेच पुन्हा, जरा मोठ्यानं, विचारलं.

सातही माणसं हात लांब करून दाराकडे बोट दाखवत होती.